तारखांच्या पानावरचा राजर्षी

दैनिकाच्या कोपऱ्यातील दिनविशेषाची चौकट वाचकाची नजर क्षणभरच धरून ठेवते. कोणाचा जन्म, कोणाचे निधन, कुठल्या कराराची सही, कुठल्या युद्धाचा शेवट अशा ओळी तेथे एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि तारखेपलीकडे त्यांच्यात काही नाते असेलच असे नाही. २६ जुलै ही तारीख मात्र मराठी वाचकाला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. मुंबईकरांसाठी ती २००५ सालच्या प्रलयाची तारीख आहे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि लाखो माणसे कमरेइतक्या पाण्यातून घराची वाट शोधत रात्रभर चालत राहिली. देशासाठी हाच दिवस १९९९च्या कारगिल विजयाचा. जगाच्या पंचांगातही या तारखेपुढे बरीच गर्दी आहे. १८४७ मध्ये लायबेरियाने याच दिवशी स्वातंत्र्याची घोषणा केली. १९४५ मध्ये याच दिवशी ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि महायुद्ध जिंकत आणलेल्या चर्चिल यांना मजूर पक्षाच्या हाती सत्ता सोपवावी लागली. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तीही याच दिवशी.

या साऱ्या घटनांच्या मानाने १९०२ सालच्या २६ जुलैची घटना अगदीच लहान वाटावी अशी आहे. त्या दिवशी तोफ डागली गेली नाही, मोर्चा निघाला नाही, कोणी सिंहासनावर बसले नाही की उतरले नाही. दख्खनच्या एका मध्यम आकाराच्या संस्थानाच्या सरकारी गॅझेटात एक आदेश छापून आला, एवढेच. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांतून भराव्यात, असे त्या आदेशाने ठरवून दिले. संस्थान होते कोल्हापूर आणि आदेश होता छत्रपती शाहू महाराजांचा. महाराज तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते आणि ज्या दिवशी हा आदेश प्रसिद्ध झाला, त्या दिवशी ते कोल्हापुरात नव्हते. ते हजारो मैलांवर, इंग्लंडमध्ये होते.

राज्यारोहणाची पुढे ढकललेली तारीख

महाराज लंडनला गेले होते ते सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी. त्या समारंभासाठी मुळात मुक्रर झालेली तारीख होती २६ जून १९०२. योगायोग असा, की तो महाराजांचा वाढदिवस. मात्र समारंभाला दोन दिवस उरले असताना राजाच्या पोटातील दुखणे बळावले, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि जगभरातून जमलेल्या पाहुण्यांना थांबून राहावे लागले. अखेर ९ ऑगस्टला एडवर्ड यांच्या मस्तकी मुकुट चढला. सम्राटाचा समारंभ लांबणीवर पडलेला असताना, त्याच्या एका मांडलिकाने आपल्या लहानशा राज्यात जे पाऊल टाकले, ते पुढे त्या समारंभापेक्षा अधिक काळ लक्षात राहिले.

महाराजांच्या जन्मतारखेचीही एक गंमत आहे. काही जुन्या चरित्रांतून आणि नोंदींतून ती २६ जुलै अशी दिलेली आढळते. पुढे अभ्यासकांनी कागदपत्रे तपासून २६ जून १८७४ ही तारीख निश्चित केली आणि आज राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो तो २६ जूनच. तरीही ज्यांनी वर्षानुवर्षे २६ जुलैला महाराजांच्या प्रतिमेला हार घातला, त्यांची चूक झाली असली तरी दिवस अगदीच परका नव्हता, असे म्हणावे लागते. माणसाचा जन्म जूनमधला. त्याच्या कार्याचा जन्म जुलैतला.

कागलचा यशवंतराव

जन्माने ते यशवंतराव घाटगे. कागलचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे हे थोरले चिरंजीव. आई राधाबाई मुधोळच्या राजघराण्यातल्या. यशवंतराव तीन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे मातृछत्र हरपले. कोल्हापूरच्या गादीवर त्या काळी दुर्दैवाची छाया होती. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना मनोरुग्ण ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. निपुत्रिक छत्रपतींच्या राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि नऊ वर्षांचा तो मुलगा शाहू छत्रपती झाला. दोनच वर्षांत वडीलही गेले. राज्य होते, गादी होती, मानकरी होते. आईवडील मात्र नव्हते.

कारभार हाती येण्यापूर्वीची दहा वर्षे शिक्षणात गेली. आधी राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यकारभाराचे पाठ झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, महाराजांनी राज्याची सूत्रे स्वीकारली. धिप्पाड देहयष्टी, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद, बोलण्यात अस्सल कोल्हापुरी रांगडेपणा आणि प्रजेत मिसळण्याची ओढ, असा हा राजा होता. राजवाड्यात बसून अर्ज वाचण्यापेक्षा वाटेत गाडी थांबवून शेतकऱ्याशी बोलणे त्यांना अधिक आवडे.

मात्र कचेरीत पाऊल टाकताच त्यांना जे दिसले, ते विचार करायला लावणारे होते. संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. सुमारे नऊ लाख लोकवस्तीच्या राज्यात शेतकरी, कारागीर, बलुतेदार, मुसलमान, जैन, लिंगायत आणि अस्पृश्य मिळून जी बहुसंख्य प्रजा होती, तिच्यातला माणूस कचेरीत जाई तो बहुधा हात जोडून. खुर्चीवर बसणारा तो क्वचितच असे. याला कोणा एकाचा दुष्टावा कारण होता असे नव्हे. लिहिणे-वाचणे पिढ्यान्पिढ्या ज्या घरांत होते, त्याच घरांत नोकऱ्याही गेल्या होत्या. पण कारण कोणतेही असो, परिणाम एकच होता. राज्य ज्यांच्या घामावर चालत होते, त्यांना राज्यात जागा नव्हती.

पंचगंगेच्या घाटावर

हा प्रश्न महाराजांना प्रथम कागदावर दिसला. नंतर तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. १८९९ सालच्या कार्तिक महिन्यात ते पहाटेच्या स्नानासाठी पंचगंगेवर जात असत. त्यांच्यासमवेत मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. स्नानसमयी पुरोहित म्हणत असलेले मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले. विचारणा केली तेव्हा पुरोहिताने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता, की महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही. शिवछत्रपतींच्या गादीचा वारसदार, संस्थानचा अधिपती आणि पुरोहिताला वतन देणारा धनी, या तिन्ही नात्यांनी मोठा असलेला माणूस त्या घाटावर जन्माच्या एका शिक्क्यापुढे लहान ठरला.

पुढची काही वर्षे वेदोक्त प्रकरणाने महाराष्ट्र ढवळून निघाला. राजोपाध्यांनी महाराजांकडील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार दिला आणि महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांत दोन तट पडले. लोकमान्य टिळकांसारख्या देशभर मान्यता पावलेल्या नेत्याने 'केसरी'तून महाराजांच्या विरोधातली बाजू घेतली. राजोपाध्यांनी इंग्रज सरकारकडे दाद मागितली. ती अखेरीस फेटाळली गेली. या संघर्षाला कोणी राजा-पुरोहितांमधील मानापमानाचे भांडण म्हटले, कोणी परकीय सत्तेला सुखावणारी दुही म्हटले. महाराजांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र वैयक्तिक मानापमानाच्या पलीकडचा होता. छत्रपतीची ही अवस्था, तर त्याच्या राज्यातल्या महारा-मांगाची काय असेल, हा प्रश्न त्या घाटावरून परतताना त्यांच्यासोबत आला आणि अखेरपर्यंत सोबत राहिला.

आदेशाची रचना

२६ जुलै १९०२चा आदेश या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. त्याची भाषा रागाची नाही, कारकुनी आहे, आणि हेच त्याचे बळ आहे. आदेश हाती पडल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, हे पहिले कलम. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, हे दुसरे. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या त्याने उलट्या बाजूने केली. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि त्यांच्यासारखे पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सारे. म्हणजे मराठा आला, माळी-धनगर आला, जैन-लिंगायत आला, मुसलमान आला आणि महार-मांग-चांभारही आला. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम अखेरीस होते. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस सरकारला सादर करावा. सदिच्छेचे आदेश दप्तरात कसे जिरतात, हे त्या तरुण राजाला आठ वर्षांच्या कारभारात समजले असावे.

कोणालाही कामावरून काढून टाका, असे या आदेशात नव्हते. जे होते ते राहिले. फक्त नव्याने उघडणाऱ्या दारांपैकी निम्मी दारे आजवर बाहेर उभ्या असलेल्यांसाठी राखली गेली. महाराजांचे दिवाण रघुनाथराव सबनीस हे स्वतः प्रभू समाजातले, म्हणजे आदेशाने वगळलेल्यांपैकी. ते दिवाणपदी राहिले आणि त्यांच्याच कारकिर्दीत हे धोरण राबवले गेले. त्याचे फळ दहा वर्षांत आकड्यांत दिसू लागले. १९१२ मध्ये सर्वसाधारण कारभारातील ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ होते.

टीका झालीच. लायकी पाहून नोकऱ्या द्याव्यात, जात पाहून देऊ नयेत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो प्रामाणिकपणे घेणारी माणसेही होती. या संदर्भात कोल्हापुरात एक गोष्ट आजही सांगितली जाते. सांगलीचे एक नामांकित वकील गणपतराव अभ्यंकर यांनी हाच आक्षेप घेतला, तेव्हा महाराज त्यांना आपल्या घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. घोड्यांपुढे चंदीची जाजमे अंथरायला लावून त्यांनी सारी जनावरे एकदम मोकळी सोडली. धडधाकट घोडी पुढे धावून चंदी फस्त करू लागली. अशक्त, म्हातारी, लंगडी आणि लहान शिंगरे लाथांच्या भीतीने मागेच घुटमळत राहिली. त्यांना वेगळे तोबरे का बांधावे लागतात, हे मग समजावून सांगण्याची गरज उरली नाही. गोष्ट तपशिलात थोडी सजलीही असेल. पण आरक्षणाच्या बाजूने शंभर वर्षांत लिहिल्या गेलेल्या कितीएक प्रबंधांचे सार त्या पागेत मावले आहे.

खुर्चीआधी पाटी

राखीव जागा ठेवल्या तरी त्या भरायला शिकलेली मुले लागतात, याची महाराजांना पुरेपूर जाणीव होती. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला, तर त्याने राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा पहिला प्रश्न होता. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न त्यांनी १८९६ मध्ये करून पाहिला. पण तेथे बहुतेक ब्राह्मण मुलेच राहिली आणि इतरांना जागा होईना. तेव्हा १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यामागून जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह सुरू झाले. जातवार वसतिगृहे काढून जात मोडते की घट्ट होते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. महाराजांचा हिशेब सरळ होता. आधी मूल शाळेत तरी पोहोचू दे. या वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्ने देऊन त्यांनी कोल्हापूरला विद्यार्थ्यांचे गाव केले.

त्यानंतरचे पाऊल होते सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलेले असे विधेयक कायदेमंडळात नामंजूर झाले होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या राज्यात ते आधीच करून दाखवले होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एक रुपया ही तेव्हा गरिबाला जाणवणारी रक्कम होती. ती जाणवावी हाच हेतू होता. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

१९१७ ते १९२० ही वर्षे तर कायद्यांची रांगच घेऊन आली. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता मिळाली. आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार लाभला. महारांना राबवून घेणारी वेठबिगार आणि वतनाची पद्धत मोडीत निघाली. कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद झाली. देवदासी प्रथेला आळा घालणारा कायदा झाला. स्त्रियांना होणाऱ्या क्रूर वागणुकीविरुद्ध कायदा झाला. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या.

हुकूम काढून माणसे बदलत नाहीत, हेही राजाला ठाऊक होते. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी दोषींना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास भांडवल दिले. कोल्हापुरात त्यांचे चहाचे हॉटेल सुरू झाले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले, स्वतः चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारायचा कसा, असा पेच मग सरदारांपुढे पडला. एका कायद्याने झाले नसते ते एका कपाने केले.

दुःखाचे एक वर्ष

१९१८चा जून राजवाड्यावर वज्राघात घेऊन आला. धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून दगावले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा केवळ अकरा-बारा वर्षांच्या होत्या. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्या मुलीचे उरलेले आयुष्य पडद्याआड जायचे होते. महाराजांनी तसे होऊ दिले नाही. घरातील विरोध बाजूला सारून त्यांनी सोनतळीच्या बंगल्यात सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुलीही तेथे ठेवल्या. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. विधवांसाठी कायदा करणारा राजा स्वतःच्या घरातील विधवेपुढे उभा राहिला तेव्हा त्याने कायदा विसरला नाही, ही बाब त्याच्या साऱ्या सुधारणांची कसोटी म्हणून पाहता येते.

पुढारी आणि पाठीराखा

१९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय समाजाने महाराजांना राजर्षी ही पदवी दिली. त्याच सुमारास अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाशी त्यांची भेट झाली. मुंबईत परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटायला छत्रपती स्वतः गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक' पाक्षिकाला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर आणि व्यासपीठावर होते शाहू महाराज. तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, असा निर्वाळा महाराजांनी त्या दिवशी जमलेल्या समुदायाला दिला. आंबेडकर तेव्हा एकोणतीस वर्षांचेही नव्हते. राजाने आपल्या हातातली मशाल कोणाकडे द्यायची हे ठरवले होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

या चरित्राला दुसरी बाजू नाही असे नव्हे. महाराज इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. स्वराज्याच्या चळवळीपासून ते दूर होते आणि राष्ट्रीय पक्षाच्या लोकांना ते सरकारधार्जिणे वाटत. सामाजिक समतेआधी आलेले स्वराज्य मूठभरांचेच होईल, ही त्यांची भीती त्या काळच्या देशभक्तांना पटणारी नव्हती. हा वाद कोणा एका बाजूचा विजय होऊन मिटलेला नाही. स्वातंत्र्यही आले आणि समतेचे काम उरलेही, एवढेच त्यावर सांगता येते.

धरण, आखाडा आणि नाट्यगृह

कोल्हापूरच्या गल्लीत मात्र राजर्षींची आठवण कायद्यांपेक्षा इमारतींतून आणि पाण्यातून अधिक होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, पण दुष्काळ पुन्हा येऊ नये म्हणून भोगावती नदी अडवण्याचे स्वप्नही पाहिले. धरणापाशी वसलेल्या गावाला कन्येवरून राधानगरी आणि तलावाला राणीवरून लक्ष्मी हे नाव मिळाले. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये. १९०६ मध्ये शाहू मिल निघाली, गुळाची बाजारपेठ वाढली आणि वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसले. १९०२च्या त्याच युरोप दौऱ्यात रोमचे जुने क्रीडागार पाहून आलेल्या महाराजांनी खासबागेत कुस्तीचे असे मैदान बांधले, की हजारो प्रेक्षकांपैकी कोणालाही कुस्ती दिसली नाही असे होऊ नये. शेजारीच उभारलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले.

अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे आणि आबालाल रहिमान यांची चित्रे याच दरबाराच्या आश्रयाने फुलली. नारायण राजहंस नावाच्या गोड गळ्याच्या मुलाला कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी मिरजेला पाठवणारेही महाराजच. तो मुलगा पुढे बालगंधर्व झाला. दिनविशेषाच्या चौकटीत बालगंधर्वांची जन्मतारीख पाहावी. तीही २६ जूनच आहे, साल १८८८.

सहा मे

६ मे १९२२ रोजी मुंबईत गिरगाव-खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये महाराजांची प्राणज्योत मालवली. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्यांच्या राज्यारोहणासाठी ते वीस वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेले होते, ते सम्राट एडवर्ड बारा वर्षे आधी, १९१०च्या ६ मे रोजीच निवर्तले होते. पंचांगाने या दोघांना दोनदा एका पानावर आणले. एकदा मुकुटाच्या तारखेला आणि एकदा मृत्यूच्या. पण सम्राटाचे साम्राज्य आज नकाशावर नाही आणि मांडलिकाच्या एका आदेशावरची चर्चा अजून संपलेली नाही.

ती चर्चा आज न्यायालयांत आणि रस्त्यांवर चालते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. महाराजांच्या आदेशातही आकडा तोच होता, पण त्याचा अर्थ निराळा होता. १९०२ मध्ये निम्म्यापर्यंत पोहोचणे हे उद्दिष्ट होते. १९९२ मध्ये निम्म्यावर थांबणे हे बंधन झाले. याच मर्यादेच्या मुद्द्यावर ५ मे २०२१ रोजी, राजर्षींच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, मराठा आरक्षणाचा कायदा रद्द ठरला आणि २०२४ मध्ये विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला. महाराजांच्या व्याख्येत मराठा आणि महार एकाच ओळीत उभे होते. शंभर वर्षांत ती ओळ अनेक ठिकाणी तुटली. कोणती जात मागे आणि कोणती पुढे, याचे मोजमाप वाद घालून होत राहिले. दर तिमाहीस सादर करावयाचा तो तक्ता, ज्यात नेमके कोणाला काय मिळाले हे दिसावे, तो मात्र आजही कोणी ना कोणी मागतच असतो.

जुलैअखेरीस कोल्हापुरात पावसाचा जोर असला, की शहराचे कान राधानगरीकडे लागतात. तलाव भरला, की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावतीचे पाणी पंचगंगेकडे धावू लागते. ज्या घाटावर एका पहाटे राजाला त्याची पायरी दाखवली गेली, त्याच घाटाच्या पायऱ्या मग त्याने अडवलेल्या पाण्याखाली जातात. २६ जुलैच्या दिनविशेषात महापुराची ओळ असते, युद्धाची असते. तिच्याखाली गॅझेटातल्या त्या आदेशाची ओळ आली, तर वाचकाने तेथे क्षणभर अधिक थांबावे.